नासिर रंगाऱ्यानं बुजवलेली भेग

बोरी अरबचा नासिर रंगारी भितीले ब्रश लावायच्या आधी बोटाच्या पेरानं ठोकून पाहे. कान लावे. भरीव वाजली त मान हलवे, पोकळ वाजली त तोंड वाकडं करे. गावातले टवाळ त्याले ‘भितीचा डाक्टर’ म्हणत. चाळीस वर्षं चुना, डिस्टेंपर, ऑइलपेंट कालवून त्याची नखं कायमची पांढुरकी झाल्ती. कोणाले घर विकाचं असलं का आधी नासिरले बोलावणं जाये. आतून-बाहेरून असा हात मारे का गिऱ्हाईक ओसरीतच पाघळे.

वैशाखात पुंडलिकरावानं घर विकाले काढलं. समोरच्या दोन खोल्या पक्क्या. मागची मात्र कच्च्या विटांची, काळ्या मातीवर उभी. तिच्या भितीले वरून खालपावतर भेग. नासिरचं बोट पेरभर आत गेलं.

“भाऊ, हे आता बुजवाची नाई,” तो म्हणाला. “उनानं जमीन फाटली म्हून भीतबी फाटली. पावसात जमीन फुगली का भेग आपसूक मिटते. तिच्यात सिमेट भरलं त मिटाले जागाच राह्यत नाई. मंग पोट काढते भीत.”

“तू रंगारी हायेस का इंजिनेर?” पुंडलिकराव खेकसले. “सोमवारी गिऱ्हाईक येऊन राह्यलं. भेग पाहून पळालं त तू घेतं का घर?”

घराचं गुपित फोडणाऱ्या रंगाऱ्याले मंग गावात कोण दारात उभं करते? त्यानं सिमेट ठासलं, वरून पुट्टी घासली, पिस्ता रंगाचे दोन हात मारले. काम असं बसलं का भेग कुठं होती ते त्याले सोतालेच सापडेना.

घर घेतलं रुपालीनं. अंगणवाडीत मदतनीस, नवरा धर्मपाल ट्रॅक्टर चालवे, सासू मथुराबाई अन् दोन लेकरं. पुंडलिकराव पोराकडं यवतमाळले निघून गेले.

आषाढात चार दिवस झड लागली. रोज काहीतरी निमित्त काढून नासिर त्या घरावरून जाये. भीत उभी दिसली का श्वास सोडे. सांगावं म्हणे, पण दारावरून तसाच पुढं जाये. पडली त पुंडलिकराव हात वर करतीन. लपवणारा हात आपला. अन् खाली कोण असन?

“घर उनोने लिया, अन् खाना तुमारा बंद हुआ?” बायको हलीमा म्हणाली. त्यानं ताट सरकवलं.

रुपालीनं घरात बुद्धवंदना ठेवली. “चाचा, तुमच्या हातानं घर उजळलं. खीर खाले याच लागते.”

तो गेला. मागच्या खोलीत पांढरी चादर, वीस-पंचवीस माणसं. मथुराबाई दोन्ही नातवंडं मांडीवर घेऊन त्याच पिस्ता भितीले टेकून बसलेली. खिडकीतून तिरपा उजेड येत होता, अन् त्या उजेडात नासिरले दिसलं: भितीनं पोट काढलं होतं. त्यानं पेरानं ठोकलं. भरीव नाई, पोकळ नाई. ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज. म्हातारीच्या खांद्यावर बारीक माती गळत होती.

“मावशी, उठा.”

“काहून रे? आताच त बूड टेकलं.”

“उठा म्हणतो ना! सारेच भाईर व्हा!”

“रंगाले डोक्याचं तेल लागन म्हून भेव वाटून राह्यलं याले,” शेजारची बिजलीबाई म्हणाली. बाया खळखळून हासल्या.

“भीत पडून राह्यली!” नासिरचा आवाज फाटला. “आत भेग हाये. म्याच बुजवली.”

हासणं तुटलं. रुपालीनं लेकरं उचलली, धर्मपालनं मायले दंडाले धरून ओढलं. सारे पावसात अंगणात आले. भीत काही पडली नाई. पण तरीबी कोणी आत जाईना.

धर्मपालनं पुंडलिकरावाले फोन लावला. “म्या काहून सांगीन असं? रंगाऱ्याले इचारा,” म्हणून त्यांनी ठेवून देल्ला.

“दोन महिने तोंडात काय धरलं होतं, चाचा?” रुपालीनं इचारलं.

धर्मपालनं नासिरची कॉलर धरली.

“सोड त्याले,” मथुराबाई म्हणाली. “आंधी भीत. मंग तो.”

धर्मपालनं बाहेरून बल्ल्यांचे टेकू लावले. आता भरलेलं सिमेट फोडून भेग मोकळी कराची होती. ते काम आतूनच व्हाचं. छन्नी-हातोडा अंगणात पडून राह्यला; कोणी हात लावेना. शेवटी नासिरनंच उचलला.

पहिल्या घावाले मूठभर माती त्याच्या डोक्यावर आली.

“नासिर, बोलत राय!” दारातून मथुराबाई ओरडली. “आवाज येऊ दे तुहा!”

काय बोलाचं ते त्याले सुचेना. घाव घालता घालता तोंडाले येईन ते तो सांगत सुटला: कोणत्या सालात कोणाच्या घरी कोणती भेग बुजवली, कोणाच्या न्हाणीमागं, कोणाच्या देवळीखाली. विकलेली घरं, घेतलेली घरं, एकेक नावानिशी.

अंगणातल्या बायांचा गलका थांबला. बिजलीबाईनं पदर सावरला अन् कोणाशी काही न बोलता, भर पावसात, ती आपल्या घराकडं पळत सुटली.