पहिले दहा किलोमीटर

पुण्याच्या मॅरेथॉनला जायच्या आदल्या आठवड्यात सरांनी आम्हाला कॉलेजच्या मैदानावर लांब उडीच्या वाळूशेजारी बसवलं आणि मोठ्या शहरात पळायला जाताना काय काय सांभाळायचं ते नीट समजावून सांगितलं. नवे बूट घालायचे नाहीत, पायात रुळलेत तेच घालायचे. नखं आदल्या दिवशी कापायची नाहीत, चार दिवस आधीच कापून ठेवायची. काखेत आणि मांड्यांना खोबरेल लावायचं, नाहीतर घामानं कातडी सोलून निघते. छातीवरच्या नंबराला चारी कोपऱ्यांत पिना लावायच्या. रात्री भात आणि साधं वरण. संडासला मुक्कामावरूनच जाऊन यायचं, तिथल्या रांगेत उभं राहिलात तर बंदूक वाजून जाईल. पाण्याचं टेबल दिसलं की दोन घोट घ्यायचेच, तहान लागायची वाट बघायची नाही. आणि एकवीस किलोमीटरांतलं पहिलं निम्मं अंतर जीव राखून पळायचं.

आम्ही उठलो तसं सरांनी मला एकटीला थांबवलं.

"शेवटच्या दोन गोष्टी तुझ्यासाठी नाहीत," ते म्हणाले. "तू बंदूक वाजली की सुटायचं. पहिल्या दहा किलोमीटरात एकही मुलगी तुझ्यापुढं दिसता कामा नये. पाण्यापाशी थांबायचं नाही, तिथं लय बिघडते. कळलं?"

"व्हय सर."

"तुझ्यात ताकद आहे. डोकं नाही, पण ते लागत नाही."

मला त्याचा राग आला नाही. सरांनी आपल्याला वेगळं काढून सांगितलं याचाच आनंद इतका होता, की हॉस्टेलच्या जिन्यावर मी एकेक पायरी गाळून वर गेले.

मी कवठे महांकाळकडची. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हा सांगलीला कॉलेजात आले. वडील रेल्वेच्या लाइनीवर कामाला होते, आई दुसऱ्याच्या द्राक्षबागेत जायची. शाळा लांब होती म्हणून मी लहानपणापासून पळत शाळेत जायचे, तेवढंच माझं पळणं. कॉलेजात सरांनी मैदानावर बघितलं आणि संघात घेतलं. संघातल्या मुलींना हॉस्टेलात सकाळी दूध आणि उकडलेली अंडी मिळायची. आईला मी ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, रोज व्हय, रोज?

लांब पळणाऱ्या आम्ही तिघी होतो. एक मी. दुसरी सांगलीच्या पेठेतली. उंच, गोरी, वडिलांचं कापडाचं दुकान. तिचं पळणं बघत राहावं असं होतं. पाय जमिनीला लागतायत की नाही असं वाटायचं. तिसरी मिरजेची, तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातली. ती आम्हा दोघींपेक्षा सावकाश पळायची, पण हसायची फार आणि तिच्यामुळं आम्ही तिघी एकत्र असायचो.

पुण्याच्या आधी दिवाळीच्या सुट्टीत सरांनी आम्हाला पाचगणीला नेलं. एका शाळेचा रिकामा हॉल मिळाला होता. रोज सकाळी टेम्पोनं वाईला खाली उतरवायचे आणि पसरणीचा घाट पळत चढायला लावायचे. सर मागून टेम्पोत. हातात पेरूची फांदी. जी मागं पडेल तिच्या पोटरीवर फांदी बसायची, टेम्पो न थांबवता. पेठेतलीला कधी बसली नाही, कारण ती कधी मागं पडली नाही. मला एकदाच बसली. मिरजेचीच्या पोटऱ्या मात्र वळांनी भरल्या होत्या आणि रात्री ती त्यांच्यावर पाणी लावत आम्हाला त्याच वळांवरून हसवायची.

एका सकाळी वळणावर तिचा पाय खडीवरून मुरगळला. घोटा बघता बघता वांग्यासारखा सुजला. सरांनी खाली वाकून बघितलं, बोटानं दाबलं. ती ओरडली.

"लंगड्या घोडीचं इथं काय काम," ते म्हणाले. "सामान भर."

त्याच दुपारी त्यांनी तिला एकटीला एस.टी.त बसवून दिलं. वाईला गाडी बदलायची होती, पुढं साताऱ्यातही. मी म्हटलं, सर, मी सोडून येते. ते म्हणाले, मग तूही तिकडंच राहा. मी तिची पिशवी तेवढी गाडीत चढवली. खिडकीतून ती हात हलवत होती आणि पेठेतली माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "बरं झालं. आता सर आपल्यावर नीट लक्ष देतील."

ते खरंच होतं. त्या दिवसानंतर सर माझ्यावर फार लक्ष देऊ लागले. रोज मला आधी सोडायचे, पेठेतलीला जरा मागून. "ती तुला गाठते का बघू," असं म्हणायचे. आठ-नऊ वळणं ती मागं असायची. तिच्या बुटांचा आवाज मला सतत ऐकू यायचा, एकसारखा. शेवटच्या चढाला ती बाजूनं निघून जायची. मला वाटायचं, ती माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणून जाते.

पुण्याला आम्ही आदल्या दिवशी पोचलो. पहाटेच्या थंडीत हजारो माणसं रस्त्यावर उभी होती. मी एवढी माणसं एका जागी कधी बघितली नव्हती, आणि ती सगळी पळणार होती. नंबराच्या पिना सरांनी स्वतः लावल्या, माझ्या आणि तिच्याही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मागं बघायचं नाही."

बंदूक वाजली आणि मी सुटले.

ते पहिले काही किलोमीटर मी आजही विसरलेले नाही. मुलींमध्ये माझ्यापुढं खरंच कुणी नव्हतं. एका स्कूटरवर मागच्या सीटवर उलटा बसलेला फोटोग्राफर माझे फोटो काढत होता. गॅलऱ्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. एक म्हातारे गृहस्थ मफलर गुंडाळून उभे होते, ते ओरडले, "शाब्बास पोरी!" पाण्याचं टेबल आलं, मी त्याच्याकडं बघितलंही नाही. दुसरं आलं, तेही तसंच. कॅम्पातल्या सरळ रस्त्यावर समोरून वारा येत होता. मागून तो ओळखीचा बुटांचा आवाज येत होता, आणि मला त्याचा आधार वाटत होता. आपल्या कॉलेजची मुलगी आपल्या सोबत आहे असं वाटत होतं. तिनं माझ्या पाठीचा आडोसा केलाय हे माझ्या डोक्यात आलं नाही. सर म्हणाले तसं डोकं नव्हतंच.

दहाचा फलक मागं पडला. त्यानंतर थोड्याच अंतरावर एका पुलाच्या चढाला पोटात डाव्या बाजूला कळ आली. तोंडात थुंकी नव्हती. जीभ टाळूला चिकटली होती. मागचा बुटांचा आवाज बाजूला आला, मग पुढं गेला. ती माझ्याकडं न बघता निघून गेली. मानेवरचे केस कोरडे, खांदे सैल, नुकतीच पळायला लागल्यासारखी. मग आणखी मुली गेल्या. मग बायका. मग एक पोक्त बाई गेल्या, त्यांनी वळून विचारलं, "बरी आहेस ना गं?" मांडीला गोळा आला आणि मी रस्त्याच्या कडेला बसले. कुणीतरी डोक्यावर ओला स्पंज पिळला, आणि ते पाणी ओघळून तोंडापर्यंत आलं ते मी चाटून घेतलं.

उरलेलं अंतर मी चालत गेले. शेवटी पोचले तेव्हा कमानीचं कापड सोडत होते. सर तिथं नव्हते. आमचा टेम्पो शोधायला मला बराच वेळ लागला. पेठेतली पुढच्या सीटवर अंगावर शाल घेऊन बसली होती. तिचा तिसरा नंबर आला होता.

मी म्हटलं, "सर, मला जमलं नाही."

"नाही कसं?" सर आनंदात होते. "तू तुझं काम चोख केलंस."

मी ते खरं मानलं. मागं बसून सांगलीपर्यंत मी त्याच वाक्यावर खूश होते. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं ते दोन दिवसांनी बुटातच निघून आलं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात पेठेतलीचा सत्कार ठरला. गावाकडं बातमी पोचली ती अशी, की सांगलीच्या कॉलेजातल्या पोरीचा पुण्यात नंबर आला. आमच्या गावातून त्या कॉलेजात पळणारी मी एकटीच. आईला कुणी सांगितलं ते माहीत नाही, पण तिनं विहारात सगळ्यांना सांगून टाकलं. सत्काराच्या दिवशी ती लग्नातलं निळं पातळ नेसून, चुलतीला बरोबर घेऊन सांगलीला आली आणि हॉलमध्ये पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली.

मला हे ठाऊक नव्हतं. सरांनी मला हाराचं ताट धरायला उभं केलं होतं. मी पडद्याच्या बाजूनं ताट घेऊन आले तेव्हा शिपाई आईला उठवत होता.

"मावशी, ही पाहुण्यांची जागा हाय. तुमी मागं बसा."

"आवं, माझ्याच पोरीचा सत्कार हाय," आई म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, शेतात हाक मारायची सवय. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पेठेतलीची आई तिथंच बसली होती. तिनं आधी आईकडं बघितलं, मग ताट धरलेल्या माझ्याकडं, आणि रुमाल तोंडाला लावला. तिच्या शेजारच्या बाईंनी तेवढाही आडपडदा ठेवला नाही.

आई उठून मागं गेली. मी ताट धरून उभी राहिले. हार घातला गेला, टाळ्या झाल्या, सरांनी भाषणात जिद्द, शिस्त असे शब्द वापरले. माझं नाव कुठं आलं नाही.

स्टँडवर आई म्हणाली, "तुला ताट धराया बोलावलं व्हतं?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाईस?"

"तू येशील हे कुठं ठाऊक व्हतं."

चुलती म्हणाली, "जाऊ द्या, पोरीनं ताट तरी न पाडता धरलं." आणि हसली. आई गाडीत जाऊन बसली. सुटताना खिडकीतून एवढंच म्हणाली, "आता पळू नगंस. लोकं हसत्यात."

रात्री सरांचं ते 'तुझं काम' मला पुन्हा आठवलं. दुसऱ्या दिवशी मी पेठेतलीला मैदानावर गाठलं आणि विचारलं, पुण्यात तू पाणी घेतलंस का. तिला प्रश्नच कळेना.

"घेतलं की. प्रत्येक टेबलाला."

"आणि सुरुवातीला?"

"सुरुवातीला तुझ्या मागं मागं राहायचं, तू बसलीस की पुढं जायचं, असं सर म्हणाले होते." मग ती थांबली आणि तिला खरोखर आश्चर्य वाटलं. "तुला माहीत नव्हतं? अगं, पाचगणीत तेच तर चाललं होतं आपलं!"

आणि ती हसली. दुष्टपणानं नव्हे. सगळ्यांना ठाऊक असलेला विनोद एखाद्याला उशिरा कळला की हसतात तसं.

मी सरांच्या खोलीत गेले. ते शिट्टीची दोरी विणत बसले होते. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"दोघींना जिंकवता येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तिला पुढं रेल्वेत नोकरी लागेल खेळावर. तिचे वडील कॉलेजला मदत करतात. तुझं काय? उद्या लग्न होऊन शेणात हात घालशील. तुला पुणं बघायला मिळालं, दूध-अंडी मिळाली. आणखी काय पाहिजे होतं?"

मी म्हटलं, "मग खरं सांगायचं व्हतं."

"खरं सांगितलं असतं तर तू तशी पळाली नसतीस."

त्या दिवसापासून मी मैदानावर गेले नाही आणि दूध-अंडी बंद झाली. वर्ष कसंबसं काढून मी साताऱ्याला मावशीकडं गेले. तिथं महिला पोलिसांच्या भरतीची तयारी करत होते. पळणं त्यासाठी लागतच होतं. अजिंक्यताऱ्याच्या वाटेनं रोज सकाळी वर-खाली करायचे. आईला त्यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात पुण्याच्या मॅरेथॉनला माझं मीच नाव घातलं.

सुटायच्या जागी सर होते. पेठेतली होती. आणि तिच्या शेजारी एक नवी मुलगी, काळीसावळी, जतकडची असावी. सर तिच्या पिना लावत होते. खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते आणि ती मान हलवत होती.

सर बाजूला झाल्यावर मी तिच्याजवळ गेले.

"तुला पाणी घेऊ नको म्हणालेत ना? घे. आणि हळू सुट. त्या उंच पोरीसाठी तुला पुढं घालतायत."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सरांनी हाकललं म्हणत्यात, त्या तुमीच का?"

"मीच."

"मग जळताय कशाला? मला आज लय मोठा चानस हाय."

बंदूक वाजली आणि ती गेली. मी मागून, जीव राखून. त्याच पुलाच्या चढाला ती मला दिसली. कडेला बसली होती, बूट काढलेले, मान गुडघ्यांत. मी शेजारून गेले तेव्हा तिनं वर बघितलं. ओठ पांढरे पडले होते. मी थांबले नाही. मला चांगली लय सापडली होती, आणि थांबले असते तर मांड्या आखडल्या असत्या.

माझा नंबर आला नाही, पण बक्षीसवाल्यांपासून फार लांबही नव्हते. बाहेर पडताना टेम्पोपाशी सर भेटले.

"अरे वा! कितवी आलीस?" मी सांगितलं. ते चुकचुकले. "माझ्याकडं राहिली असतीस तर..."

"तर तिथं बसले असते," मी टेम्पोच्या मागच्या भागाकडं बोट दाखवलं.

ती नवी मुलगी तिथं सामानाच्या पिशव्यांवर आडवी झाली होती. तिनं ते ऐकलं. डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. सरांवर नव्हे, राग माझ्यावर होता, आणि तो इतका उघडा होता की मी नजर काढून घेतली. सर हसले आणि ताडपत्री खाली सोडली.

स्वारगेटला साताऱ्याची गाडी भरून आली होती. बसायला जागा नव्हती. दांडी धरून मी उभी राहिले. कात्रजचा घाट लागला तशी मी वाकून पोटऱ्या दाबायला लागले. जवळच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "आजारी हाईस का गं?" मी म्हटलं, न्हाई. त्या जरा सरकल्या, पण तेवढ्या जागेत स्वतःची पिशवी ठेवली त्यांनी.