पुलावरची पंचवीस मिनिटं

हवालदारांचं अक्षर इतकं सुबक, की ठाण्यात त्यांना सगळे ‘छापखाना’ म्हणत. त्यांनी तीस वर्षं स्टेशन डायरी लिहिली; कुठे खाडाखोड नाही. निवृत्तीनंतर एक दिग्दर्शक घरी आला. त्याला बस पळवल्याच्या जुन्या प्रकरणावर सिनेमा काढायचा होता.

“मसाला नको, काका. नोंदीत आहे तेवढंच दाखवणार.”

हवालदारांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डायरीची जपून ठेवलेली नक्कल त्यांनी लगेच काढून दिली.

पहिल्या खेळाला दोघं नवराबायको नटूनथटून गेली. सगळं हुबेहूब होतं. “अगं बाई, तुमचा ठाण्यातला मोडका बाकसुद्धा!” बायकोने कोपराने ढोसलं. हवालदार खूश झाले.

मग पडद्यावर पूल आला. पावणेचार वाजले, पिस्तूलवाल्याने बस मधोमध थांबवली. ड्रायव्हरचा हात खिशातल्या फोनकडे जाई आणि मागे येई. एक प्रवासी गोळी लागून पडला, तेव्हा कुठे ड्रायव्हरने ठाण्याला कळवलं. चार वाजून दहा मिनिटं.

“भित्रा भागूबाई!” मागून कुणीतरी ओरडलं. थिएटर हसलं.

खरा ड्रायव्हर पुढच्याच रांगेत लेकीशेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली.

हवालदारांना खरं ठाऊक होतं. ड्रायव्हरचा फोन पावणेचारला आला होता आणि त्यांनीच उचलला होता. पुलाची एक बाजू त्यांच्या ठाण्याची, दुसरी शेजारच्या ठाण्याची. “पुढची चाकं तुमच्या हद्दीत!” “मागची तर तुमच्याच की!” दोन्ही ठाण्यांचे साहेब फोनवर पंचवीस मिनिटं भांडत राहिले. गोळी सुटली आणि हवालदारांचे साहेब म्हणाले, “कळवल्याची वेळ चार दहा लिहा.” हवालदारांनी लिहिली. पुढे चौकशीत ड्रायव्हरने परोपरीने सांगितलं, पण कागदापुढे त्याचं कोण ऐकणार?

दिवे लागले. लेक बापाला दबक्या आवाजात विचारत होती, “बाबा, तुम्ही तर म्हणायचात, लगेच कळवलं म्हणून?”

“चला, दिग्दर्शकाला भेटू,” बायको म्हणाली. हवालदार उठले ते थेट पुढच्या रांगेपाशी गेले.

“याने लगेचच कळवलं होतं, पोरी. फोन मीच घेतला होता. वेळ मी खोटी लिहिली.”

बायकोचा हात त्यांच्या दंडावरून गळून पडला. लेक ताडकन उभी राहिली. “मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? लाज नाही वाटली?”

वाटत होती. पण आधी नोकरी होती, मग पेन्शन, आणि मग सवय झाली. यातलं काय सांगणार?

ड्रायव्हर मात्र रागावला नाही. त्याने हवालदारांचं मनगट घट्ट धरलं.

“नक्की ना, हवालदार? मी लगेच केला होता ना फोन? सगळे म्हणायचे, मग मलाच वाटायला लागलं, भीतीने बसून राहिलो असेन.”

“लगेच,” हवालदार म्हणाले. त्यांना मान वर करवेना.

“परत सांगा.”

हवालदारांनी परत सांगितलं.