अंगात आलं म्हणाले सगळे

देवाच्या दारी येऊन मरायचं, आणि तेही हळदीकुंकू लावून घेत, असं माझ्या नशिबी आहे की काय, असं त्या दिवशी मला खरंच वाटलं. पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. महाशिवरात्रीला आम्ही दोघं नवराबायको सिंदेवाहीकडून बैलगाडीनं मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो. वाटेतच माझं पोट दुखायला लागलं होतं. उपासाचं दुखत असेल म्हणून मी बोलले नाही.

वैनगंगेत अंघोळ करून देवळापुढे आले आणि कळ अशी उठली की मी खालीच बसले. दातखीळ बसली, डोळे फिरले, अंग घुमायला लागलं. शेजारी डफ वाजत होता. कोणीतरी ओरडलं, "अंगात आलं वो बाईच्या!" झालं! बायांनी कपाळभर कुंकू माखलं. एक जण पाय धरून विचारू लागली, "माय, माह्या घरी पाळणा कधी हालन?" माझ्या अंगात कधी देव आला नव्हता, कामातून सवड मिळेल तेव्हा ना! पण सांगणार कशी? तोंडातून शब्दच फुटेना. आमच्या ह्यांनीसुद्धा माझ्यापुढे हात जोडले. लग्नानंतर पहिल्यांदाच! मी मनात म्हटलं, महादेवा, आता तूच बघ, माझ्या हातात काही उरलं नाही.

गर्दीत एक ढिवरीण उभी होती, नदीवर मासे धरणाऱ्यांपैकी. तिच्या कडेवर तीनेक वर्षांची पोरगी. ती पोर माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. बघता बघता तिचे ओठ माझ्यासारखेच वाकडे झाले आणि तिनं भोकाड पसरलं. कडेवरून घसरून ती माझ्याजवळ आली, गालावर हात ठेवला आणि फुंकर घालायला लागली.

"माय, बाईले बाऊ झाला!"

तिच्या आईनं मग माझ्याकडे नीट पाहिलं. "सरका वो! देव नाई आला हिच्या अंगात. दुखून राह्यलं हिले. माही पोरगी मले काटा रुतला तरी अशीच रडते." तिनं पोटाला हात लावला आणि मी किंचाळले. डफ थांबला. ह्यांनी धावत जाऊन सागवान नेणारा एक ट्रक थांबवला आणि मला चांद्याच्या दवाखान्यात पोचवलं. आतडं फुटायच्या बेतात होतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या मायलेकींना पुढच्या जत्रेत खूप शोधलं, पण भेटल्या नाहीत. त्या पोरीला ना माझी जात ठाऊक, ना गाव, ना देव कसा अंगात येतो ते. तिला फक्त माझं तोंड दिसलं, आणि तेवढ्यावर तिला रडू आलं. महादेवानं माझी हाक ऐकली ती तिच्या डोळ्यांनी, असं मी मानते. कोणी हसलं तर हसू दे. आता देवळात गेले की हात जोडायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे एकदा बघून घेते.