सासूबाईंची बिनरंगाची बाटली

आमच्या सासूबाई रफू करतात. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं टेबल आहे. कुणाच्या कोटाला ठिणगीनं भोक पडलं, कुणाच्या शालीला कसर लागली, की गिऱ्हाईक काउंटरवर आधी विचारतं, "मावशी आहेत ना?" कापडाच्या आतल्या शिवणीतूनच धागे ओढून काढायचे आणि भोकावर पुन्हा कापड विणायचं, असं हे काम. त्यांचा रफू इतका बेमालूम, की कपडा परत नेताना माणसं उलटसुलट करून विचारतात, "खरंच केलाय का?" तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते माझ्या स्वयंपाकाला आजवर मिळालेलं नाही.

टेबलावर चहा आणायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. दुसऱ्याच्या कपड्यावर थेंब पडला तर निस्तरणार कोण? काळं नि नारिंगी कोल्ड्रिंकही वर्ज्य. चालायचं ते फक्त लिंबाचं, बिनरंगाचं. शेजारच्या दुकानातून सकाळी एक गारेगार बाटली यायची आणि दुपारी दुसरी. "पाण्यासारखं असतं ते. सांडलं तरी डाग नाही," असं त्या सांगायच्या. कापडाला जे बाधत नाही ते पोटाला काय बाधणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मग त्यांना धूसर दिसायला लागलं. आधी त्यांनी दिवा बदलला. मग चष्मा बदलला. नवा चष्मा आठवडाभर बरा वाटला आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या चष्म्यानंतर त्यांनी चष्मेवाल्याला चोर ठरवून टाकलं. इकडे लॉन्ड्रीचे मालक भले, पण धंदा तो धंदा. "मावशी, हा सूट राहू द्या जरा, तुम्ही बटणं लावा," असं म्हणू लागले. पहिल्यांदा हे ऐकलं त्या दिवशी सासूबाई घरी येऊन जेवल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "बटणं काय, कुणीही लावतं." मला त्यांचा एरवी राग येतो, लपवत नाही, पण त्या रात्री मीही ताट झाकून उठले.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, रक्त तपासलं. "आतला पडदा चांगला आहे, घाबरू नका. रक्तातली साखर फार वाढलीय आणि वरखाली होतेय, म्हणून नजर बदलते. ती स्थिर होईपर्यंत चष्म्याचा नंबर काढून उपयोग नाही. गोळ्या सुरू करा आणि दिवसभरात गोड काय काय पिता, ते सगळं मोजा."

सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "मी गोड पीतच नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा घेते."

बरं, त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच तर दुखणं होतं.

"आई, त्या लिंबाच्या बाटलीचं काय?" मी घरी विचारलं.

"ते पाचक असतं."

मी रिकामी बाटली आणून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. शंभर मिलीला दहा ग्रॅम साखर.

"दहाच ना? मग!"

"शंभर मिली म्हणजे दोन-चार घोट, आई. तुमची बाटली सहाशेची आहे." मी चमच्यानं साठ ग्रॅम साखर छोट्या वाटीत काढत गेले. पंधराव्या चमच्याला वाटी भरून सांडली. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "छापणाऱ्याचं काय जातं?" पालथ्या घड्यावर पाणी. मी वाटी आपटून आत गेले.

त्यांना पटवलं ते इस्त्रीनं. एका गिऱ्हाइकाचा पांढरा कोट बटणासाठी त्यांच्या टेबलावर होता. बाटली उघडताना चार थेंब बाहीवर उडाले. त्यांनी पुसले, वाळले, काही दिसेना. कोट इस्त्रीला गेला. गरम इस्त्री फिरली आणि बाहीवर तपकिरी ठिपके उमटले. इस्त्रीवाला ओरडत आला, मालक ओरडत आले. तो डाग पुढे मोठ्या खटपटीनं निघाला, पण त्या दिवशी सासूबाई घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात माझ्यापाशी.

म्हणाल्या, "अगं, पाणी काही जळत नाही."

'मी सांगत होते ना' हे शब्द मी गिळले. माझ्यासारखीला हे किती अवघड गेलं, ते माझं मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉन्ड्रीतल्या खिडकीच्या पडद्याला एक पांढरी चिंधी टाचली. जाड पिवळा दोरा घेतला, डोळ्यांना दिसेल असा. जे गोड प्यायचं, त्याच्या दर पेल्याला एक टाका. आठवडाभरानं मी पाहायला गेले तर टाके मोजकेच. मला शंका आली. "पेल्यानं प्यायलं तेच धरते," त्या म्हणाल्या, "बाटलीला तोंड लावून प्यायलं ते कसं धरणार?" यावर आमचं जे भांडण झालं ते काउंटरपर्यंत ऐकू गेलं. शेवटी मी मापाचं भांडं नेऊन दिलं; गोड काहीही आधी त्यात ओतायचं, दर भांड्याला एक टाका. मग चिंधी खरं बोलायला लागली. पहिले काही दिवस तर तिच्यावर पिवळं कुंपणच उठलं.

ते पाहून त्या स्वतःच हबकल्या. मग दुपारची बाटली सुटली. तिच्या जागी साधा सोडा नि लिंबू आलं. चवीला नाकं मुरडणं, डोकं दुखणं, माझ्यावर खेकसणं, सगळं यथासांग झालं. एकदा लॉन्ड्रीतून त्यांचा फोन. "डब्यातला फळाचा ज्यूस धरायचा का गं?"

"आत साखर किती लिहिलीय ते इस्त्रीवाल्याकडून वाचून घ्या."

पलीकडे इस्त्रीवाला आकडे वाचताना ऐकू आला. मग, "मेल्यांनी यातही घातलीय!" आणि फोन बंद.

टाके विरळ होत गेले. गोळ्यांनी आणि या पिवळ्या दोऱ्यानं मिळून साखर खाली आणली, खाली ठेवली. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता घ्या चष्म्याचा नंबर."

नवा चष्मा आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. माझा नवरा ऑफिसला निघाला होता. सासूबाईंनी दारातच त्याचं कोपर धरलं, शर्टाची बाही उजेडात ओढली.

"हा रफू कुणी केलाय? कुठल्या गाढवानं?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. धागे एकमेकांवर चढलेले, कापड चुरगळून गोळा झालेलं.

"आई, तूच केलास," तो हळूच म्हणाला. "मध्यंतरी."

"आणि हा घालून तू चार माणसांत फिरतोस?"

"चांगला आहे की."

सासूबाईंनी त्या रफूवरून अंगठा फिरवला. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "डोंबलाचा चांगला! काढ तो शर्ट."

तो बनियनवर खुर्चीत बसला. सासूबाई खिडकीशी बसून आपलाच रफू एकेक धागा धरून उसवू लागल्या. मला हसू येत होतं आणि डोळे पुसावे लागत होते.

"आई, उशीर होतोय गं," तो म्हणाला.

"होऊ दे," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "आता मला दिसतंय."