उलट्या मामाने पारखलेली खुर्ची

माझा मामा दुकानातल्या खुर्चीवर कधी बसत नाही, तो ती उलटी करतो. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. खुर्ची वरून थापा मारते, खालून तिला मारता येत नाहीत, असं त्याचं ठाम मत. म्हणून बाहेर तो मिस्त्री आणि घरात उलटा मामा.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या. रोज सकाळी उन्हात बसायचं आणि दिवसातून दहा वेळा आपलं आपण उठायचं. उठणं थांबलं की पाय गेला म्हणून समजा, असं ते तोंडावर म्हणाले. अंगणात ठेवायला खुर्ची हवी होती. "ताईची खुर्ची मीच घेणार," मामा म्हणाला, आणि त्याच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. मी सोबत गेले. आईला न्यायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्या दुकानात टाय लावलेल्या विक्रेत्याने वेताची म्हणून जी खुर्ची दाखवली, ती प्लास्टिकच्या पट्ट्यांची होती. मामाने ती उलटी केली. आतले पाइप पोकळ, तोंडं उघडी, आणि एका पाइपातून गढूळ पाणी आणि मेलेलं झुरळ फरशीवर पडलं. विक्रेत्याने ते बुटाने बाजूला सारलं आणि म्हणाला, "सर, बसून तर बघा."

"बसायला काय, दगडावरही बसता येतं," मामा म्हणाला.

दुसऱ्या दुकानात सागवान होतं. म्हणजे दुकानदार तसं म्हणत होता. मामाने बैठकीच्या खालच्या बाजूला नखाने ओरखडा काढला, तर तपकिरी रंग नखात आला आणि आत पांढरंफटक लाकूड. सांध्यांत खोबणी नव्हतीच. नुसत्या पिना ठोकलेल्या आणि भेगांत भुसा-गोंदाचा लगदा भरलेला. स्क्रू म्हणे स्टेनलेसचे. मामाने खिशातला लोहचुंबक लावला, तो टपकन चिकटला. "दोन पावसाळ्यांत गंजून गळतील हे. म्हाताऱ्या माणसाचं कंबरडं मोडलं तर तुम्ही भरून देणार का?" दुकानदार ओशाळला नाही की काही नाही. पान उलटावं तसा कॅटलॉग उलटत म्हणाला, "याच्यात अजून तीन रंग आहेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं उघड्या डोळ्यांनी हे विकतात आणि संध्याकाळी घरी जाऊन सुखाने जेवतात!

शेवटी एका वखारीमागच्या कारखान्यात मामाला हवी ती सापडली. अस्सल सागवान, प्रत्येक सांधा खोबणीचा, पाणी निथळायला फळ्यांत फटी, पाठ अशी की टेकलं की माणूस आत रुतावा. मामाने ती उलटी केली, आडवी केली, कान लावून ठोकली. "ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल," तो म्हणाला. दुसऱ्याच्या कामाचं कौतुक त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पहिले दोन दिवस मी घरी होते. आईला खुर्चीतून मीच ओढून उठवलं. अशक्तपणा असेल, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी तिला उन्हात बसवून मी कामावर गेले.

साडेपाचला परतले, तेव्हा ती तशीच बसलेली होती. चेहरा भाजून लाल, ओठ सुकलेले, वॉकर हाताशी. गाऊन ओला होता, फळ्यांच्या फटींतून निथळलेलं खाली वाळत आलं होतं आणि माश्या घोंगावत होत्या. खोटं कशाला बोलू, मला आधी त्या वासाची शिसारी आली. माझी स्वतःची आली ती नंतर.

"हाक का नाही मारलीस कोणाला?"

"अशी? शेजाऱ्यांना बोलवू?" मग तिने माझं मनगट धरलं. "मामाला सांगू नकोस. किती हौसेने आणलीय त्याने."

बैठक इतकी खाली आणि इतकी खोल होती, की जोर लावायला पायांना जागाच मिळत नव्हती. तिला धुऊन-पुसून निजवल्यावर मी हॉस्पिटलचा कागद काढला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, खुर्ची उंच हवी, खोल नको. तो कागद फाईलला लावून मी मोकळी झाले होते. त्या टायवाल्याला नाकं मुरडणारी मी!

मी मामाला फोन केला. आईने सांगू नको म्हटलेलं सगळं सांगितलं, माश्यांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि थेट त्या खुर्चीत बसला. उठायला त्याला दोनदा झोके घ्यावे लागले. उठल्यावर माझ्याकडे न बघता त्याने खुर्ची टेम्पोत चढवली.

चार दिवसांनी ती परत आणली. पायांना खालून पाच इंचांचे तुकडे असे जोडले होते, की जोड दिसत नव्हता. बैठक आखूड, हात पुढे आणलेले. मामा माझ्यासमोर तीनदा बसला आणि तीनदा हात न टेकता उठला. मग दाराकडे वळला. तिथे आई वॉकर धरून उभी होती.

"ताई, ये. बसून बघ."

"काम सुरेख झालंय रे," आई म्हणाली.

"मग बस ना."

"नको."

"सगळी धुतलीय, ताई. वरून रंधा मारलाय. कसला म्हणून डाग ठेवला नाही."

"तू लाकडाचं सांगतोयस," आई म्हणाली, आणि वॉकर वळवून आत गेली.

मामा तिच्या मागोमाग गेला. आतून त्याचा विनवण्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी ती उन्हात बसली नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.