लगेजचाचांचे वीस किलो

कार्यक्रमाच्या ठिकाणी आधी त्यांचं सामान पोचायचं आणि मागून ते, म्हणून सगळे त्यांना लगेजचाचा म्हणत. चंद्रपूरच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नसराईत ते आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गिटार वाजवायचे. मी त्याच पार्टीत बेस गिटार वाजवतो. एरवी घुग्घुसच्या बाजूला वीज उपकेंद्रात नोकरी करतो. आकडा कळल्याशिवाय मला गोष्ट कळत नाही, म्हणून एकदा शेजारच्या पिठाच्या गिरणीत नेऊन मी चाचांचं सगळं सामान काट्यावर चढवलं. एकोणीस नग, चौऱ्याहत्तर किलो. चाचा स्वतः अठ्ठावन्न किलोंचे होते.

त्या एकोणिसात तीन तर अॅम्प्लिफायरच होते. एक स्वच्छ आवाजासाठी, एक फाटक्या आवाजासाठी आणि एक नुसत्या थरथरीसाठी, म्हणजे कव्वालीत सूर पाण्यासारखा हलतो त्यासाठी. शिवाय पत्र्याच्या पेटीत पायाने दाबायचे नऊ पेडल, नऊ किलोंचा स्टॅबिलायझर, तारांची वेटोळी, फ्यूजचा डबा आणि बसायला स्वतःचं स्टूल. "चाचा, एवढं लागते काय?" असं विचारलं की म्हणायचे, "पब्लिक कोन्तं गानं मांगन, सांगता येते काय? तयारी पाहिजे ना, भाऊ." ही तयारी मांडायला पन्नास मिनिटं लागायची. दोन लग्नांत नवरदेव मांडवात येऊन उभा राहिला तरी चाचा पालथे पडून कुठली तार कुठे गेली ते शोधत होते.

मूल गावातल्या एका लग्नात मुलीच्या पाठवणीचं गाणं चाललं होतं. सगळा मांडव रडत होता. चाचांना दुसऱ्या क्रमांकाचं पेडल दाबायचं होतं, पाय पडला पाचव्यावर. गिटारीतून असा आवाज निघाला की जणू कोळशाचा ट्रक मांडवात शिरला. नवरीने दचकून वर पाहिलं, चाचांचा चेहरा पाहिला आणि तिला हसू आवरेना. मग आई हसली, मावशा हसल्या. परतीच्या टेम्पोत आमच्या गायिका मंदाबाई चाचांवर तुटून पडल्या. चाचा शांतपणे म्हणाले, "पोरगी हसत सासरी गेली. तुमचं काय बिघडलं?"

एवढं सामान असूनही त्यांनी कुणाला कधी त्याला हात लावू दिला नाही. पार्टीचा एकच लेखी नसलेला नियम होता आणि तो चाचांनीच घातला होता: जो आपलं सामान उचलून स्टेजवर नेत नाही, तो त्या दिवशी वाजवत नाही. फार पूर्वी आमचे एक ऑर्गनवाले होते. ते हात खिशात घालून यायचे आणि ऑर्गन टेम्पोवाल्याच्या डोक्यावर. एक दिवस तो ऑर्गन सहा फुटांवरून खाली आला. त्या दिवसापासून नियम. चाचांचं म्हणणं होतं, "ज्याचं वजन तुमच्या हाताले मालूम नाई, ते वाजवाले तुमी घेताच काऊन?" ते स्वतः सहा-सहा खेपा मारायचे आणि एकही चुकवायचे नाहीत.

मग एका उन्हाळ्यात घुग्घुसच्या रस्त्यावर धुळीत गाडी घसरली आणि त्यांचा उजवा खांदा गेला. तीन महिने हात गळ्यात. पट्टी निघाली तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "आता जड उचलायचं नाही."

मी विचारलं, "जड म्हणजे किती?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. "वीस किलोंच्या वर नाही. तेही एकदाच. वर-खाली, वर-खाली करायचं नाही."

पार्टीतल्या आम्हा सात जणांनी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की तुमचं सामान आम्ही वाटून उचलू. ते चिडले. "मंग मी वाजवणारा नाई राह्यलो, वरातीतला पाहुणा झालो. मले खुर्ची देसान, सरबत देसान, अन् म्हणसान चाचा दोन गाने वाजवा. नाई जमत." त्या घरात एवढा वेळ गिटारीचा आवाज बंद मी पहिल्यांदाच पाहत होतो. चाची दारात उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काही तरी करा, भाऊ. ते जेवून नाई राह्यले."

मला एकच काम येतं, ते मी केलं. मागच्या हंगामातल्या एका महिन्याच्या गाण्यांच्या याद्या माझ्याकडे होत्या. त्या काढून मी चाचांना एकेक गाणं विचारत गेलो: याला कुठला आवाज लावला होता? नऊ कार्यक्रम, दोनशे बारा गाणी. स्वच्छ आवाज एकशे एकतीस गाण्यांत, किंचित खरखरीत अठ्ठावन्नमध्ये, पुरता फाटका सतरामध्ये, थरथर सहामध्ये. नऊपैकी पाच पेडलांना महिनाभरात पाय लागलेला नव्हता. लागला असेल तर चुकून.

चाचांनी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "पाच पेडल मी उगाच उचलून राह्यलो होतो?"

"बारा वर्षं," मी म्हणालो.

"तुमी बायकोशी बी असंच बोलता काय, भाऊ?"

पण त्यांना पटलं. एकच अॅम्प घ्यायचा, आणि तो सगळं करेल असा. चाचा म्हणाले, व्हॉल्व्हचाच. जुन्या रेडिओत काचेचे जे दिवे पेटायचे, तेच. त्यांची सगळी उमर त्यात गेलेली. मी म्हणालो, ट्रान्झिस्टरवाला हलका असतो. तर म्हणाले, "हलका हाये, चांगला बी हाये. पन तुमी हळू मारा की जोरात, तो आपलंच बोलते. व्हॉल्व्ह हात ऐकते. हळू मारलं तं साफ, जोरात मारलं तं फाटते. मंग तीन अॅम्प कायले पाहिजे? एक अॅम्प अन् एक हात." चाळीस वर्षं हे ठाऊक असलेला माणूस तीन अॅम्प का वागवत होता, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गिटार पिशवीसकट तीन किलो नऊशे ग्रॅम. तार चारशे ग्रॅम. म्हणजे अॅम्पला उरले पंधरा किलो सातशे. हा आकडा घेऊन आम्ही एका रविवारी नागपूरला गेलो. चाचांनी सोबत दुकानातला एक डबा घेतला होता, विजेचा दाब कमी-जास्त करून रेडिओ तपासायचा.

वाद्यांच्या दुकानातल्या तरुण विक्रेत्याने मोठ्या प्रेमाने पहिला अॅम्प लावून दिला. चाचांनी त्याची तार भिंतीतून काढली, आपल्या डब्यात लावली आणि दाब दोनशे तीसवरून दोनशेवर, मग एकशे ऐंशीवर आणला.

"सर, हे काय करून राह्यले तुम्ही? वॉरंटी जाईल!"

"बेटा, आमच्या गावात वॉरंटी येत नाई. करंट बी पुरा येत नाई. मंग तिथी हा कसा वाजते, ते इथीच पाह्यलं पाहिजे ना."

दोन तासांत पाच अॅम्प झाले. प्रत्येकावर ते तीच चार गाणी वाजवायचे, शेवटचं पाठवणीचं. पहिला कमी दाबावर घोगरा झाला. दुसरा चांगला होता, पण काट्यावर एकवीस किलो. तिसरा सर्वांत भारी, बावीस बटणांचा. त्यात थरथर होती, घुमारा होता, चार तऱ्हांचा फाटका आवाज होता. मला वाटलं हाच. चाचांनी बटणं मोजली आणि मान हलवली. "हे तं माह्या पेटीतले नऊ पेडल यायनं एकाच डब्यात कोंबले. पाचवं बटन चुकून लागनच." चौथ्याला आवाज कमी ठेवला की जीवच नव्हता. पाचवा दिसायला साधा. बटणं सात, साफ आणि फाटका असे चॅनेल दोन, पायाने बदलायचा एक खटका, आत घुमाऱ्याची स्प्रिंग. आवाज कमी करायचा तर अर्ध्या ताकदीवर चालवायची सोय. वजन पंधरा किलो सहाशे. पाठवणीचं गाणं वाजवताना चाचांनी बोटं हलकी केली तसा आवाज पातळ होत गेला, आणि शेवटच्या ओळीला जरा ओढून मारलं तर तो कडेला किंचित फाटला. विक्रेता हातातला मोबाईल खाली ठेवून ऐकत राहिला.

"थरथर नाही यात," मी आठवण दिली. "सहा गाणी."

"ते मी हातानं हलवतो. सहाच तं हाये."

तोच घेतला. एकूण एकोणीस किलो नऊशे. बसमध्ये मी तिसऱ्यांदा बेरीज करत होतो आणि वरोऱ्याजवळ मला घाम फुटला. स्टॅबिलायझर! नऊ किलो! पंचवीस वर्षं वीज खात्यात काढलेला माणूस आणि करंटच विसरला. मी चाचांना सांगितलं. ते इतके हसले की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

"मले सकाळपासून मालूम हाये. म्हणून तं डबा घेऊन आलो. एकशे ऐंशीवर चालते ना? मंग स्टॅबिलायझर घरी."

"आणि दाब वाढला तर?"

"फ्यूज जाईन. दोन ग्रॅमचा असते. लिहून घ्या."

पुढच्या लग्नात चाचा एका हातात अॅम्प, पाठीवर गिटार असे एकाच खेपेत स्टेजवर चढले. सगळं लावून व्हायला चार मिनिटं. उरलेली सेहेचाळीस मिनिटं काय करावं हे त्यांना कळेना, आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. ते प्रत्येकाजवळ जाऊन उभे राहायचे. ढोलकीवाल्याला म्हणायचे, "किती सामान हाये रे तुह्यावालं?" मंदाबाईंना म्हणायचे, "माइक दोन कायले? गळा तं एकच हाये." आधी ज्यांनी त्यांना सामान कमी करा म्हणून छळलं, त्या सगळ्यांचा त्यांनी एकेक करून सूड घेतला.

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या हंगामात, राजुऱ्याच्या एका लग्नात, दुपारी स्टेजच्या पायऱ्या चढताना ते तिसऱ्या पायरीवर थांबले. अॅम्प खाली ठेवला. पुन्हा उचलला, अर्ध्या वितीवर गेला आणि परत टेकला. खांद्याने हात सोडला होता. वरून मंदाबाई ओरडल्या, "चाचा, थांबा तिथीच!" चाचांनी डावा हात वर केला. "कोनी हात लावू नका. नियम हाये." आणि त्या अॅम्पवरच बसले.

वऱ्हाडी त्यांना वळसा घालून जात होते. मी माझं सामान वर ठेवून खाली आलो. त्यांनी वर पाहिलं नाही. तसेच म्हणाले, "भाऊ, हा अॅम्प तुमाले पाहिजे काय?"

"मले? मी बेसवाला. मी काय करू त्याचं?"

"ते तुमचं तुमी पाहा. दिला. आतापासून तुमचा." ते उठले, पाठीवरची गिटार नीट केली. "मंग तुमचं सामान असं पायरीवर काऊन पडून हाये? लोकाच्या पायात येते ना."

मी अॅम्प उचलला. ते गिटार घेऊन माझ्या मागून वर आले, स्वतःचं सगळं सामान स्वतः उचलून. तार हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले. "भाऊ, माह्याजवळ अॅम्प नाई आज. तुमच्यात लावू काय?"

त्यानंतरच्या एकतीस कार्यक्रमांत त्यांनी हे एकतीस वेळा विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत तार लावली नाही. कधी मी मुद्दाम म्हणायचो, "आज नाही जमत, चाचा." तर म्हणायचे, "मंग एकटा बेस वाजवा. पब्लिक जेवून झोपून जाईन."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. छातीत कफ झाला, चार दिवस दवाखान्यात होते, पाचव्या दिवशी संपलं. चाळिसावा दिवस झाल्यावर मी अॅम्प घेऊन त्यांच्या घरी गेलो, कारण पायरीवर, नियमासाठी दिलेली वस्तू खरंच माझी झाली असं मी मानत नव्हतो. चाचींनी दारातच विचारलं, "हे काऊन आणलं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन हसून राह्यले होते, 'दिला भाऊले, आता पाहू कसा नाई उचलत.' न्या वापस." मी परत आणला.

त्याची सातही बटणं चाचांनी शेवटी ठेवली होती तिथेच होती. मी ते आकडे वहीत लिहून ठेवले आणि बटणांना हात लावला नाही. धूळ रंगाच्या ब्रशने झटकायचो. प्रत्येक कार्यक्रमाला नेत होतो मात्र. माझं सामान आणि तो मिळून एक्केचाळीस किलो, तीन खेपा. आमच्याकडे नवी आलेली गिटारवाली तन्वी, बल्लारपूरची, तळहाताएवढा डबा घेऊन येते आणि त्यातून सगळे आवाज काढते. ती म्हणायची, "काका, हा घरी ठेवत जा ना." मी हो म्हणायचो आणि पुढच्या वेळी पुन्हा आणायचो.

मागच्या महिन्यात सिंदेवाहीकडे एका लग्नात दाब एकशे चौऱ्याहत्तरवर आला. तन्वीचा डबा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद. पाहुणे वाट पाहत होते. तिने विचारलं, "काका, तुमचा अॅम्प चालते काय?" मी सुरू केला, दोन मिनिटं तापू दिला आणि तिची तार लावली. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, चाचांचा आवाज येईल. बटणं तीच, स्पीकर तोच, व्हॉल्व्ह तेच. तिने पहिला सूर मारला, आणि तो तिचा होता.

अर्ध्या गाण्यात तिने वाकून तिसरं बटण साडेचारवरून सहावर नेलं. मी ते परत फिरवलं नाही. तिथेच चांगलं लागत होतं.