चालत्या माणसाला गाडीवर घेऊ नये

पहिल्याच दिवशी मी सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि दुधाच्या टेम्पोत बसून घरी आलो.

तसं बघायला गेलं तर यात माझी चूक लहानशीच. भोरच्या बाहेर, भाटघरच्या रस्त्याला आमचं घर आहे. पायात मुलीनं पुण्याहून पाठवलेले पांढरे बूट, डोक्याला कानटोपी, हात पुढेमागे जोरात हलवत मी निघालो होतो. वडाच्या झाडापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं, असा बेत. वड नुसता दिसायला लागला होता, तेवढ्यात समोरून टेम्पो आला आणि थांबला. गावोगावचं दूध गोळा करून भोरला नेणारे आबा त्यात होते. त्यांच्या विहिरीवरची जळालेली मोटार आजवर मी किती वेळा नवी तार घालून भरून दिली असेल, ते त्यांनाही आठवत नाही.

"कुठं निगालात?"

"कुठं नाही. असंच. वडापर्यंत जाऊन घरीच यायचंय."

आबांनी जरा विचार केला. "घरीच जायचंय न्हवं? मग बसा की. तुमच्या दारावरनंच चाललोय."

हिशेब बरोबर होता. मी बसलो. मांडीवर दुधाची एक किटलीही आली, कारण मागं जागा नव्हती. दारात उतरलो तेव्हा बायको अंगणात सडा टाकत होती. तिनं आधी बुटांकडं पाहिलं, मग टेम्पोकडं.

"लई चाललात," ती म्हणाली आणि पुन्हा बादलीत हात घातला.

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या भोर-वेल्ह्याकडं एसटी तिला वाटेल तेव्हा येते. त्यामुळं रस्त्यानं चालणारा माणूस दिसला की गाडी थांबवायची, हा इथला धर्मच आहे. दुचाकी असो, टेम्पो असो, खताच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर असो. चालत्या माणसाला मागं टाकून जो पुढं गेला, त्याचं नाव पुढं लग्नकार्यात निघतं. आणि कुणी बसा म्हणाल्यावर जो बसला नाही, त्याचं तर त्याहून वाईट. तो रुसलाय, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

अशा मुलखात डॉक्टरीणबाईंनी मला चालायला सांगितलं होतं.

माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, वार्निश द्यायचं. सगळं काम स्टुलावर बसून. उन्हाळ्यात तर विहिरींचं पाणी खाली जातं, मोटारी जळतात आणि मी सकाळी स्टुलावर बसलो की अंधार पडल्यावर उठतो. पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा बायकोनं धरून दवाखान्यात नेलं. साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज अर्धा तास चाला, गोड बंद करा, तीन महिन्यांनी बघू. नाही उतरली तर सुई सुरू करावी लागेल. दिवसभर विजेशी खेळणारा मी, पण सुई म्हटल्यावर मी खुर्ची मागं सरकवली.

बायको शेजारीच बसली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सहज तिच्या दंडालाही पट्टा बांधला. फुगा दाबला, काट्याकडं पाहिलं, पुन्हा एकदा दाबला. मग म्हणाल्या, "तुमचा बीपी वाढलाय. दिवसातून अर्धा तास शांत बसत जा. काही न करता. नाहीतर तीन महिन्यांनी तुम्हालाही गोळी चालू करावी लागेल, आणि ती मग सुटत नाही."

बायको एवढी हसली की बाहेर बसलेल्या पेशंटनी आत डोकावून पाहिलं.

"अर्धा तास?" ती म्हणाली. "त्यो कुठं मिळतो म्हणायचा?"

ती अंगणवाडी सेविका आहे. घरचं सगळं उरकून अंगणवाडी उघडायची, पोरं गोळा करायची, गाणी म्हणायची, खिचडी शिजवून घ्यायची, वजनं करायची, गरोदर बायांच्या घरी चकरा मारायच्या, आणि हे सगळं झाल्यावर मोबाईलवर त्याची माहिती भरायची. मोबाईलला रेंज नसते, म्हणून ती भरायला गच्चीवर जायचं. घरी आलं की मी असतोच.

तर असे दोन अर्धे तास आम्ही त्या दिवशी दवाखान्यातून घरी आणले. माझ्या अर्ध्या तासाचा मोठा गाजावाजा झाला. मुलीनं बूट पाठवले. मोबाईलमध्ये गजर लागला. रात्री भिजवलेल्या मेथ्या सकाळी कोण गाळून देणार, यावर चर्चा झाली. बायकोच्या अर्ध्या तासाबद्दल मी एवढंच म्हणालो, "तुझंही बघ हो." मग मी झोपलो.

टेम्पोच्या प्रकरणानंतर मी ठरवलं की आता कुणी देव जरी गाडी घेऊन आला तरी बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी मोटारसायकल घेऊन आले. नुकतीच त्यांची मोटार मी भरून दिली होती. मी हात जोडले, नको म्हणालो, आणि हात हलवत पुढं निघालो. फार बरं वाटलं. संध्याकाळी तेच गृहस्थ दुकानात हजर. चेहरा उतरलेला. माझ्या कामाबद्दल ते कुणाजवळ काहीतरी वावगं बोलले, असं माझ्या कानावर आलं असणार, अशी त्यांची खात्री झाली होती. मी साखरेचं सांगून पाहिलं. त्यांना ते बहाण्यासारखं वाटलं. शेवटी राग नाही हे दाखवायला त्यांच्या घरी जावं लागलं. तिथं चहा आला. आमच्याकडं पाहुण्याच्या चहात साखर कमी टाकणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्याबाहेर उभं करण्यासारखं. पहिला कप अर्धा ठेवला तर ते म्हणाले, अजून मनात हाय काहीतरी. म्हणून तो संपवला आणि दुसराही घेतला.

त्यानंतर मी धोरण बदललं आणि निमूटपणे गाडीवर बसायला लागलो. आता लोकांना कळलं की सकाळी हा माणूस रस्त्यावर मोकळा सापडतो. "आलाच हाय तर जरा मोटारीचा आवाज ऐका," असं म्हणत लोक मला बसवून विहिरीवर न्यायचे, चहा पाजायचे आणि दारात आणून सोडायचे. कधी विहीर नसली तर नुसतेच दारात सोडायचे. चुलीवरचा चहा उकळायच्या आत मी परत आलेला असायचो, आणि आलो की, अगं टॉवेल कुठंय, अगं पेपर आला का, अगं मेथ्यांचं पाणी. बूट मात्र पांढरे ते पांढरेच.

बायको एकदा एवढंच म्हणाली, "आमच्या पासलीत माणसं मिठाला बी चालत जायची. त्यांना बूट न्हवते, म्हणून जमलं असंल." पासली हे तिचं माहेर, वेल्ह्याच्या डोंगरात. भाताच्या खाचरांतून ती इतकी चालली आहे की माझं हात हलवणं पाहून तिला शेजारच्या घरी काहीतरी काम निघायचं.

आणि मग एक दिवस गाड्या थांबेनाशा झाल्या.

पहिली मोटारसायकल शेजारून सरळ गेली. वाटलं, घाईत असेल. दुसऱ्यानं मला पाहिलं आणि मान पलीकडच्या उसाकडं वळवली. ट्रॅक्टरवाल्यानं तर मला बघून वेग वाढवला, आणि ट्रॅक्टरचा वेग वाढलेला मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. असं तीन-चार दिवस चाललं. मी वडापर्यंत गेलो, चालत परत आलो, आणि दिवसभर स्टुलावर बसून कुणाचं काय वाकडं केलं ते आठवत राहिलो. तारेचे वेढे चुकायला लागले. एवढी वर्षं मोटारी भरल्या आणि हे फळ. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, लोकांचा काय भरवसा, आणि भाजी निवडत राहिली.

शेवटी आबांचा टेम्पो आला. तो थांबला नाही, पण गेलाही नाही. आबांनी तो वळवून माझ्या शेजारी, माझ्या चालीनं चालवायला घेतला. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते दुधाच्या भावाबद्दल, पाण्याबद्दल, आंबवड्याच्या पाहुण्यांबद्दल बोलत राहिले. मी धापा टाकत हो हो करत होतो. वडाजवळ आल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, आबा, एवढं बोलताय तर दोन मिनिटं बसू तरी द्या.

"न्हाई बसवता येत," आबा फार दुःखानं म्हणाले. "घरी आमच्या सूनबाईची ताकीद हाय. माझा नातू हाय अंगणवाडीत."

मग सगळं बाहेर आलं. वजनाच्या दिवशी सगळ्या पोरांच्या आया जमल्या होत्या. त्यांना बायकोनं सांगितलं होतं की माझ्या मालकांना जो गाडीवर घेईल, त्याच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवसापासून आपलं पोर खिचडीच्या वेळी स्वतः येऊन भरवून जायचं. आमच्या रस्त्याला अंगणवाडीत पोर नाही असं घर शोधून सापडत नाही. बिनसाखरेच्या चहाचा हुकूमही त्यातच सुटला होता.

मला केवढं भरून आलं म्हणून सांगू. माझ्या साखरेची एवढी काळजी. मी कुणाला न सांगता संध्याकाळी भोरच्या स्टँडवरून मोगऱ्याचा गजरा आणला. तिनं तो हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "काय फोडलंत?"

त्यानंतर मी मनापासून चाललो. रोज. पाऊस लागला तरी छत्री घेऊन. आणि असंच एके सकाळी, वडाच्या अलीकडंच, माझ्या उजव्या बुटाचा तळ उलगडला. जिभेसारखा लोंबायला लागला. मी बूट काढून हातात घेतला आणि लंगडत, नेहमीपेक्षा बराच लवकर, घराच्या मागच्या बाजूनं आत आलो.

मागच्या पायरीवर बायको बसली होती.

केस मोकळे, तेल लावलेले. पाय बादलीतल्या कोमट पाण्यात. शेजारी स्टीलच्या पेल्यात चहा. मोबाईल नाही, भाजी नाही, निवडायला तांदूळ नाही. हात नुसते मांडीवर ठेवलेले. त्या पायरीवरून वेल्ह्याकडचे डोंगर दिसतात, तिकडं ती बघत होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रिकाम्या हातांची माझी बायको मी कधी पाहिली नव्हती.

"काय होतंय? चक्कर आली का? बोलवू का कुणाला?"

"काय व्हायचंय?" ती म्हणाली. "बसलीय." मग तिची नजर माझ्यावर स्थिर झाली. "तुमी इतक्यात कसे?"

सुट्टी म्हणून घरी राहिलेल्या पोराला अर्ध्या खेळातून हाक मारावी, तसा तिचा चेहरा झाला होता. एक पाय तर बादलीतून बाहेरही निघाला होता, टॉवेल आणायला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळं उघडून बघितल्याशिवाय काही कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. दवाखान्यातून आणलेला तिचा अर्धा तास माझ्या अर्ध्या तासाच्या आत ठेवलेला होता. मी टेम्पोतून लवकर आलो की तो जायचा.

"मी कुठं आलोय," मी म्हणालो. "मी चाललोय अजून."

आणि एक बूट पायात, एक हातात, तसाच परत निघालो. वडाखाली दगडावर जाऊन बसलो. दोन मोटारसायकली गेल्या. दोघांनी माझ्या हातातला बूट पाहिला, दोघांना माझी दया आली, आणि दोघेही अंगणवाडीला भिऊन निघून गेले. पुरेसा वेळ गेला असं वाटल्यावर मी घरी गेलो. दारात बुटांचा आवाज मुद्दाम करता आला नाही, म्हणून खोकलो. मेथ्यांचं पाणी ओट्यावर ठेवलेलं होतं. टॉवेल माझा मीच घेतला.

तीन महिने झाल्यावर आम्ही दोघे पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट पाहिला, चष्मा वर केला. साखर चांगली उतरली होती. सुई टळली. मी असा काही श्वास सोडला की त्या हसल्या. मग त्यांनी बायकोच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला. या वेळी एकदाच दाबला.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "गोळीची गरज नाही. तुम्ही काय केलंत?"

"काय न्हाई," बायको म्हणाली. "ह्यांना फिरायला लावलं."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या की आता तब्येत बरी आहे, धंद्याची घाई असेल तर आठवड्यातून एखाद्या दिवशी नाही चाललात तरी चालेल. मला फारच आनंद झाला. बाहेर पडून मी स्कूटर सुरू केली, बायको मागं बसली. म्हटलं, ऐकलंस ना, रविवारी आता आपली सुट्टी.

बाजारपेठ मागं पडली, पूल आला. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी वाकून, अंगणवाडीतल्या नव्या पोराला समजावतात तशा गोड आवाजात म्हणाली, "रविवारी वडापर्यंत नका जाऊ. रविवारी पार भाटघरच्या धरणापर्यंत जाऊन येत चला."